श्रोत्याचा प्रश्न : ‘ख्रिस्तपुराण’ आणि आपली ग्रंथचर्चा

१

ग्रंथ एकांतात वाचणे वेगळे आणि तोच ग्रंथ चारचौघांत वाचून त्यावर बोलणे वेगळे. एकांतात अडलेला वाचक पान उलटून पुढे जाऊ शकतो. मंडळीत तसे होत नाही. तेथे कोणीतरी शंका काढतो आणि त्या शंकेला कोणाला तरी तोंड द्यावे लागते. आपल्या धर्मग्रामांत हे काम बहुधा धर्मगुरूकडे किंवा धर्मशिक्षकाकडे येते. म्हणून ग्रंथचर्चा कशी चालावी हा विषय केवळ साहित्यप्रेमी मंडळींच्या हौसेचा नाही. तो आपल्या सेवाकार्याचाही आहे, असे आम्ही मानतो.

प्रस्तुत लेखास निमित्त झाला तो आमच्या वाचनमंडळातील एक प्रसंग. तो पुढे यथास्थळी येईलच. त्यात चूक आमची होती, एवढे आरंभीच सांगून टाकणे बरे. त्या चुकीचे स्वरूप आम्हांस ज्या ग्रंथामुळे उमगले, तो आपल्या सर्वांच्या माहितीतला आहे. निदान त्याचे नाव तरी आहेच. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आपण अभिमानाने मिरवतो. परंतु ते आपण कसे वाचतो आणि त्यातले काय वगळून वाचतो, ह्याचा विचार क्वचितच होतो. तो थोडासा येथे करण्याचा मानस आहे.

२

ग्रंथाची आवश्यक ती माहिती प्रथम सांगितली पाहिजे. फादर स्टीफन्स हे येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरू. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यास उतरले. १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. मधली चाळीस वर्षे बव्हंशी साष्टी प्रांतात, तेथल्या लोकांत आणि त्यांच्या भाषेत गेली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ अशा त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पहिल्या पुराणात जुन्या कराराचा भाग छत्तीस अवस्वरूंत सांगितला आहे. दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचे चरित्र एकोणसाठ अवस्वरूंत येते. सर्व मिळून ओव्या अकरा हजारांच्या आसपास भरतात. भाषा मराठी असून तिच्यात कोंकणीचे मिश्रण आहे.

स्टीफन्सांची आणखी दोन पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. प्रश्नोत्तररूप ‘दौत्रिना’ १६२२ मध्ये निघाली आणि कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये. म्हणजे एकाच लेखकाने धर्मशिक्षणाची दोन साधने तयार केली. एक पाठ करण्याचे आणि एक ऐकण्याचे. ह्या दोहोंतला भेद आमच्या पुढील विवेचनास महत्त्वाचा आहे.

काळही ध्यानात ठेवला पाहिजे. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. जुन्या धर्माचे ग्रंथ बाळगणे आणि वाचणे ह्यांवर बंदी आली. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना ठार मारण्यात आले. ‘ख्रिस्तपुराण’ ऐकावयास जी पिढी बसली असेल, तिच्या आईबापांनी हे सारे पाहिले होते. आपल्या गौरवलेखांतून ही पार्श्वभूमी बहुधा एका वाक्यात उरकली जाते. आमच्या मते ती उरकून पुराण नीट वाचताच येत नाही.

३

‘ख्रिस्तपुराण’ म्हटले की मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या आठवतात. शालेय पुस्तकांतून, भाषणांतून, मराठी दिनाच्या कार्यक्रमांतून त्या इतक्या वेळा म्हटल्या गेल्या आहेत की उरलेले पुराण त्यांच्या आड गेले आहे. परकीय धर्मगुरूने आपल्या भाषेची अशी थोरवी गावी, ह्याचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्याच पहिल्या अवस्वरूत, त्या ओव्यांच्या शेजारीच, दुसरा एक भाग आहे. तो कोणी पाठ करीत नाही. आमच्या मते ग्रंथाचे मर्म तेथे आहे.

प्रसंग असा की, चर्चमध्ये दौत्रिना शिकवणे चालले आहे. तेव्हा नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे येऊन पाद्रींशी बोलतो. दौत्रिना चांगली आहे, हे तो मान्य करतो. मात्र तेवढ्याने भागत नाही, असेही सांगतो. आपल्या भाषेत पुराणे असती तर लोकांनी मोकळ्या वेळी ती वाचली असती, ऐकली असती. आणि मग तो खरी गोष्ट बोलतो. पूर्वीची पुराणे तुम्ही आम्हांस वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी पुराणे का रचली नाहीत, असा त्याचा आशय आहे. ह्या विनंतीचे उत्तर म्हणजे पुढचा सारा ग्रंथ.

हे वाचताना आपण क्षणभर थांबले पाहिजे. ही नुसती विनंती नव्हे. तीत गाऱ्हाणे आहे. ज्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतले गेले, त्यांच्यापैकी एक जण काढून घेणाऱ्यांच्या प्रतिनिधीस विचारतो आहे की, आमचे हात रिकामे का ठेवलेत? शब्द नम्र आहेत, परंतु आरोप स्पष्ट आहे. धर्मसत्तेच्या परवानगीवाचून एक पानही छापता येत नसे अशा काळात कवीने तो आरोप आपल्या ग्रंथाच्या दारातच ठेवला. पुसून टाकला नाही. ओघाओघात कोठेतरी मध्यभागी दडवलाही नाही.

४

‘ख्रिस्तपुराणा’कडे अभ्यासकांनी आजवर मुख्यतः तीन दृष्टींनी पाहिले आहे. कोणी त्यास भाषेचा नमुना मानले आणि त्यातली मराठी किती व कोंकणी किती, ह्याचा हिशेब मांडला. कोणी त्यास धर्मप्रसाराचे साधन मानले. कोणी येथील रूपात शुभवर्तमान मांडण्याचा आद्य प्रयत्न म्हणून त्याची वाखाणणी केली. तिन्ही दृष्टी आपापल्या जागी योग्यच आहेत. परंतु तिन्हींत केंद्रस्थानी सांगणारा आहे. ऐकणारा नाही.

आम्ही चौथी दृष्टी सुचवू इच्छितो. हे पुराण म्हणजे एका श्रोत्याच्या प्रश्नास दिलेले उत्तर आहे, असे समजून ते वाचावे. तसे वाचले की त्याची रचना निराळी दिसू लागते. स्टीफन्सांनी ओवी का घेतली, पुराणाचा घाट का घेतला, स्वर्गाला ‘वैकुंठ’ का म्हटले, ह्या साऱ्याचे उत्तर केवळ कवीच्या चातुर्यात शोधण्याचे कारण उरत नाही. श्रोत्याने जे मागितले, ते त्याच्या ओळखीच्या रूपात देणे भाग होते. पुराण मागणाऱ्यास दौत्रिना पुन्हा एकदा पाठ करावयास सांगणे हे उत्तर झाले नसते. मागणी मान्य करणे म्हणजे मागणाऱ्याची भाषाच नव्हे, तर त्याची ऐकण्याची रीतही मान्य करणे. ती रीत स्टीफन्सांनी मान्य केली, हा त्यांचा खरा मोठेपणा. भाषेची स्तुती त्याच्या मागून येते.

ह्या रीतीला मराठीत मोठी परंपरा आहे. ‘ज्ञानेश्वरी’ हे निव्वळ भाष्य नाही. नेवासे येथे श्रोत्यांसमोर चाललेले ते व्याख्यान आहे. वक्ता श्रोत्यांची मनधरणी करतो, त्यांचे अवधान मागतो, आणि श्रोतेही विषयांतर झाले की त्यास मूळ पदावर येण्यास सुचवतात. महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ तर म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या सहवासातील माणसांना विचारून विचारून सिद्ध केले. पुराणिकाच्या भोवती बसून शंका विचारणे आणि त्याने तिचे समाधान करणे, हे आपल्या गावोगावच्या लोकांस कोणी शिकवावे लागले नाही. साष्टीतला तो ब्राह्मण उठून बोलला ते ह्या सवयीनेच. त्या सवयीला ग्रंथात जागा मिळाली, ही आपल्या ख्रिस्ती मराठी साहित्याची जन्मखूण आहे.

५

येथवर स्तुती झाली. आता उणिवांकडे वळणे प्राप्त आहे. तसे न केले तर आम्हीही गौरवलेखकांच्याच पंक्तीस जाऊन बसू.

पहिली गोष्ट, पुराणातील प्रश्नही कवीनेच लिहिलेला आहे. उत्तर द्यावयाचे आहे अशा माणसाने रचलेला प्रश्न कितीही प्रामाणिक असला तरी तो उत्तराच्या सोयीचा असतो. दुसरे पुराण द्या, असे ब्राह्मण म्हणतो. पहिले पुराण परत द्या, असे म्हणणारा कोणी साष्टीत नव्हता काय? नक्कीच असला पाहिजे. एरवी कुंकळ्ळीचा प्रसंग घडता ना. त्याचा प्रश्न ग्रंथात आलेला नाही, आणि १६१६ साली तो येणे शक्यही नव्हते. तो नाही एवढे मात्र आज आपण जाणले पाहिजे.

दुसरी गोष्ट, बोलण्याचा मान ब्राह्मणास मिळतो. साष्टीतले शेतकरी, मजूर, मच्छीमार आणि घरोघरीच्या स्त्रिया ह्यांचा आवाज त्या आरंभीच्या प्रसंगात नाही. जुनी व्रते, जुनी गाणी, जात्यावरच्या ओव्या ज्यांच्या मुखी होत्या, त्यांचे काय हरवले हे ब्राह्मणाने आपल्या वतीने सांगितले ते खरे. पण प्रत्येकाचे हरवणे सारखे नसते. पुराण गमावणे आणि दळताना म्हणावयाचे नाव गमावणे ही एकच हानी नव्हे.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पुराणाच्या घाटात वक्त्यापाशी उत्तर सदैव तयार असते आणि श्रोत्याने तृप्त व्हावे अशीच योजना असते. शंका निघते ती मिटण्यासाठीच. शंका घेऊनच घरी गेलेला श्रोता अशा रचनेत बसत नाही. ह्याबद्दल स्टीफन्सांना दोष देणे अनुचित होईल, कारण हा घाटच तसा आहे. परंतु आपण मात्र हा घाट ग्रंथातून उचलून आपल्या मंडळांत आणून बसवला आहे, आणि तेथे तो आपणांस दगा देतो. आमच्या प्रसंगाचे मूळ येथेच आहे.

६

बेळगावच्या सीमाभागातील ज्या धर्मग्रामात आम्ही सेवा करतो, तेथे गुरुवारी सायंकाळच्या मिस्सानंतर दहापंधरा माणसे वाचनासाठी बसतात. घरी कोंकणी, शाळेत कानडी आणि प्रार्थनेत मराठी, असा अनेकांचा व्यवहार आहे. ‘ख्रिस्तपुराणा’तले निवडक अवस्वरू आम्ही प्रथम वाचले. तेव्हा एका तरुण धर्मशिक्षकाने ‘वैकुंठ’ ह्या शब्दास हरकत घेतली. आपण हा शब्द मुलांस शिकवला तर पालक काय म्हणतील, असा त्याचा सवाल होता. एका वयस्क गृहस्थांनी त्यास उलट विचारले, “बाबा, त्या लोकांपाशी दुसरा कुठला शब्द होता?” वाद तासभर रंगला, मिटला नाही, आणि सारे आनंदाने घरी गेले. आमच्या मंडळाची ती सर्वोत्तम सायंकाळ होती. आम्ही त्या दिवशी फारसे बोललो नव्हतो, ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेतली. १९३४ ते १९३७ ह्या काळात चार भागांत निघालेले हे आत्मकथन मराठी गद्याचे लेणे आहे, हे सर्वमान्य आहे. ‘ख्रिस्तपुराणा’त जो आवाज नाही, तो येथे आहे. येथे स्त्री बोलते, आणि तीही कोणाच्या वतीने न बोलता स्वतःचे बोलते. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये. मधल्या काळात नवऱ्याने धर्म बदलला म्हणून तिच्यावर जे कोसळले, ते त्या लपवीत नाहीत. सुशोभितही करीत नाहीत. पतीवर त्यांचे प्रेम आहे, आणि त्यांच्या लहरीपणाची, संतापाची, हातात पैसा न टिकण्याची गोष्ट त्या हसत हसत सांगतात. भक्तिपर चरित्रकाराने जे गाळले असते, तेच त्यांनी जपले आहे. आमच्या मते ह्या ग्रंथाचे धर्मशास्त्रीय मोल येथेच आहे. कृपा माणसाला त्याच्या घरगुती दुःखासकट भेटते, हे त्यात न सांगता सिद्ध होते.

त्या बाप्तिस्म्याच्या वार्तेचा भाग वाचून झाला, तेव्हा मागे बसलेल्या एक वृद्ध बाई बोलल्या. एरवी त्या कधी बोलत नसत. त्या म्हणाल्या, “फादर, टिळकांचा बाप्तिस्मा आपण मोठ्या कौतुकानं सांगतो. पण त्या दिवशी ती बाई तर जिवंतपणी पोरकी झाली. त्याबद्दल मंडळीत कोणी काही बोलतं का?”

आम्ही उत्तर दिले. लगेच दिले, ही आमची चूक. देवाची योजना पाच वर्षांनी पूर्ण झाली, लक्ष्मीबाईही प्रभूकडे आल्या, अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पतीच्या पश्चात त्यांनीच पुरे केले, असे आम्ही सांगितले. ह्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. बाईंनी मान डोलावली. पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाहीत.

धर्मशिक्षकाने आम्हांस बाजूला घेऊन सांगितले, “फादर, त्यांनी लक्ष्मीबाईंबद्दल विचारलं नव्हतं.” मग आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि ऐकून घेतले. त्यांनी काय सांगितले ते येथे लिहिण्याचे नाही. त्यांच्या परवानगीने एवढेच लिहितो की, चाळीस वर्षे मनात राहिलेली एक गोष्ट त्या पानाने उघडी केली होती आणि आमच्या उत्तराने ती पुन्हा झाकली होती. ग्रंथाने आपले काम केले. आम्ही मध्ये आलो.

७

ह्या प्रसंगानंतर आम्ही ‘ख्रिस्तपुराणा’चा पहिला अवस्वरू पुन्हा वाचला आणि त्या ब्राह्मणाचा प्रश्न आम्हांस प्रथमच नीट ऐकू आला. तोही केवळ पुराणाबद्दल विचारीत नव्हता.

पवित्र शास्त्रात ह्या विषयीचे धडे आपणांस पाठ आहेत. पाठ आहेत म्हणूनच ते आपल्या नजरेतून सुटतात. अम्माऊसच्या वाटेवर प्रभू येशूने शास्त्र उलगडून सांगितले, हे आपण नेहमी सांगतो. परंतु त्याआधी काय घडले? त्याने त्या दोघांना तुमचे काय बोलणे चालले आहे, असे विचारले. त्यांपैकी एकाने जरा त्राग्यानेच उत्तर दिले. तरीही प्रभूने काय घडले, हे पुन्हा विचारले आणि त्यांची सारी निराशा, त्यांची मोडलेली आशा, स्त्रियांच्या साक्षीवरचा त्यांचा अविश्वास, हे सर्व त्यांच्याच तोंडून ऐकून घेतले. जो सर्व जाणत होता, त्याने न जाणणाऱ्यांना बोलू दिले. भाष्य त्यानंतर आले.

प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून यशया वाचणाऱ्या हबशी अधिकाऱ्याची कथा आहे. संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो आहे की दुसऱ्या कोणाविषयी, असे त्याने फिलिपास विचारले. एखाद्या टीकाकाराने विचारावा असाच हा प्रश्न आहे. फिलिपाने त्यास आपल्या सोयीच्या वचनाकडे नेले नाही. ज्या वचनावर तो अडला होता, तेथूनच आरंभ केला. आणि बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला, तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता, असे लूक लिहितो. आधी ऐकणे, मग विचारणे.

ह्यावरून प्रश्नाला उत्तर देऊच नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. श्रद्धेच्या सत्याबद्दल विचारले असता गप्प बसणारा धर्मशिक्षक आपले कर्तव्य चुकवतो. शिकवण्यात दौत्रिनेची जागा आहे. तिच्यात प्रश्न आणि उत्तर दोन्ही ठरलेली असतात आणि ती तशीच असावयास हवीत, कारण तेथे मंडळीची एकमुखी श्रद्धा सांगावयाची असते. परंतु ग्रंथचर्चा ही दौत्रिना नव्हे. साहित्यकृतीतून उठलेला प्रश्न आधी ठरलेला नसतो. तो वाचकाच्या आयुष्यातून येतो आणि ग्रंथाचे बोट धरून बाहेर पडतो. त्यास पाठ केलेले उत्तर दिले की प्रश्नकर्त्यास वाटते, आपणांस परीक्षेस बसवले होते आणि आपण नापास झालो. स्टीफन्सांना हा भेद ठाऊक होता. दौत्रिना अपुरी पडते असे सांगणाऱ्यास त्यांनी ती पुन्हा वाचावयास लावले नाही.

८

आमच्या अनुभवातून दोनचार गोष्टी धर्मशिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवतो. ह्यांस नियम समजू नये.

वाचन मोठ्याने व्हावे, आणि ते पाळीपाळीने व्हावे. जो वाचतो त्याचा त्या पानावर अधिकार निर्माण होतो. ज्यांना अक्षर नीट येत नाही, त्यांना एखादी ओवी सुरात म्हणावयास द्यावी. ओवी ही त्यासाठीच आहे. प्रश्न निघाला की त्यास प्रथम मंडळीतून उत्तर येऊ द्यावे. धर्मगुरूने शेवटी बोलावे, आणि काही वेळा मुळीच बोलू नये. ज्या प्रश्नाने खोलीत शांतता पसरते, तो बहुधा पुस्तकाबद्दलचा नसतो. त्याला मंडळीत उत्तर न देता पुढे त्या माणसाकडे जावे. आणि ग्रंथ निवडताना केवळ आपल्या बाजूचे ग्रंथ निवडू नयेत. ज्यांत आपल्याविषयी गाऱ्हाणे आहे, तेही घ्यावेत. गाऱ्हाण्याने आपले पहिले महाकाव्य सुरू होते, हे विसरू नये.

एक गोष्ट राहिली. १६८४ च्या जूनमध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर तीन वर्षांत बंद करून पोर्तुगीज चालवण्याचे फर्मान काढले. ज्या पुराणाच्या चाळीस वर्षांत तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, त्याची चौथी आवृत्ती त्यानंतर गोव्याच्या छापखान्यातून निघाली नाही. त्या तीन आवृत्त्यांपैकी एकाचीही प्रत आज उपलब्ध नाही. छापलेला ग्रंथ नाहीसा झाला. उरला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेला आणि घराघरांत म्हटलेला. गोव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी अशी हस्तलिखिते जपली आणि १९०७ मध्ये मंगळूरला सल्ढाणा ह्यांनी हस्तलिखितांच्या आधारे नवी आवृत्ती काढली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू ह्यांच्या आवृत्तीने पुराण देवनागरीत मराठी वाचकांपुढे आले. पुढे १९९६ मध्ये फादर कारिदाद द्राग आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव ह्यांच्या आवृत्त्या झाल्या. आज आपल्या कपाटात जे पुराण आहे, ते श्रोत्यांनी राखलेले आहे. मागणाराही श्रोता आणि राखणाराही श्रोताच.

आमच्या मंडळातील त्या बाई दोन महिन्यांनी परत आल्या. ‘स्मृतिचित्रे’ तोवर पुष्कळ पुढे गेली होती. त्यांनी वाचनाची पाळी मागून घेतली आणि चष्मा पुसून, अडखळत, अडीच पाने वाचली. वाचून झाल्यावर कोणी काही विचारले नाही. आम्हीही काही सांगितले नाही. पुस्तक त्यांनी पुढच्या माणसाच्या हाती दिले आणि वाचन चालू राहिले.